सुरक्षेची शेवटची कडी : जोतिबाची यात्रा आणि राष्ट्रीय धोरणाचा अग्रक्रम

राष्ट्रीय सुरक्षेचा विषय निघाला, की सीमेवरील जवान, क्षेपणास्त्रे आणि दिल्लीतील उच्चस्तरीय बैठका डोळ्यांसमोर येतात. परंतु मुंबई, पुणे, मालेगाव, वाराणसी किंवा हैदराबाद येथे गेल्या पाव शतकात जे नागरिक दहशतवादाला बळी पडले, ते सीमेवर उभे नव्हते. कोणी लोकलने घरी परतत होते, कोणी उपाहारगृहात बसले होते, तर कोणी प्रार्थनेसाठी गेले होते. गर्दीचे ठिकाण हेच आजच्या अंतर्गत सुरक्षेचे सर्वांत नाजूक क्षेत्र आहे, आणि महाराष्ट्रात अशा ठिकाणांची वाण नाही. कोल्हापूरजवळचा जोतिबाचा डोंगर हे त्यांपैकी एक. चैत्र पौर्णिमेला तेथे लोटणाऱ्या लाखो भाविकांची सुरक्षा हा केवळ स्थानिक बंदोबस्ताचा प्रश्न मानला जातो. वास्तविक, देशाचे सुरक्षाविषयक धोरण तळापर्यंत कितपत पोहोचले आहे, याची कसोटी अशाच ठिकाणी लागते.

डोंगर आणि यात्रा

कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे सतरा-अठरा किलोमीटरवर, पन्हाळा तालुक्यातील वाडी रत्नागिरी या गावी जोतिबाचे देवस्थान आहे. डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३१०० फूट. आजचे मुख्य मंदिर राणोजी शिंदे यांनी १७३० च्या सुमारास बांधले, तर शेजारचे केदारेश्वराचे मंदिर १८०८ मध्ये दौलतराव शिंदे यांनी उभारले, असे परंपरेने सांगितले जाते. देवस्थानाचा कारभार पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहे. कोल्हापूरची अंबाबाई आणि परिसरातील अनेक लहानमोठी देवस्थाने याच समितीच्या अखत्यारीत येतात.

चैत्र यात्रेस पश्चिम महाराष्ट्रातून, मराठवाड्यातून, कोकणातून तसेच कर्नाटक, गोवा आणि आंध्र-तेलंगणातूनही भाविक येतात. मानाच्या सासनकाठ्या हे या यात्रेचे वैशिष्ट्य असून पहिला मान सातारा जिल्ह्यातील पाडळी गावाच्या काठीचा. तीस-चाळीस फूट आणि त्याहूनही उंच असलेल्या या काठ्या तोल सांभाळीत नाचविल्या जातात. गुलाल-खोबऱ्याची उधळण होते, ‘चांगभलं’चा गजर होतो आणि सायंकाळी पालखी यमाई मंदिराकडे निघते. माघातील रविवारी होणारे खेटे आणि श्रावणातील गर्दी निराळीच.

या उत्सवाचे वैभव ज्या गोष्टींत आहे, त्यांतच त्याची अडचणही आहे. डोंगरावर जाण्यायेण्याचे रस्ते मोजके आहेत. केर्लीकडून येणारा मुख्य मार्ग आणि गिरोली-दानेवाडीच्या बाजूचा पर्यायी मार्ग यांवरच सारी वाहतूक अवलंबून असते. जुलै २०२१ मधील अतिवृष्टीत केर्लीकडील रस्ता खचला, तेव्हा हे अवलंबित्व प्रकर्षाने जाणवले. मंदिराकडे जाणाऱ्या वाटा दुकानांच्या रांगांतून आणि पायऱ्यांवरून जातात. एकाच दिवशी, एकाच वेळी, एकाच दिशेने सरकणारा समुदाय, उंच काठ्या, वाजंत्री, उधळलेला गुलाल आणि परतीसाठी तीच वाट, असे हे चित्र आहे. सुरक्षेचा विचार करणाऱ्यास यातील प्रत्येक गोष्टीची नोंद घ्यावी लागते.

धोक्यांचे बदलते स्वरूप

कारगिल युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने देशाच्या सुरक्षाव्यवस्थेची झाडाझडती घेतली. पुढे मंत्रिगटाच्या मदतीसाठी चार कृतिदले नेमण्यात आली. गुप्तवार्ता, अंतर्गत सुरक्षा, सीमा व्यवस्थापन आणि संरक्षण व्यवस्थापन हे त्यांचे विषय होते. सीमा व्यवस्थापनाच्या कृतिदलाचे प्रमुख महाराष्ट्र केडरचे माजी केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले होते. मंत्रिगटाचा अहवाल २००१ मध्ये आला. विविध गुप्तचर संस्थांची माहिती एकत्र आणणारे बहुसंस्था केंद्र त्याच प्रक्रियेतून जन्मास आले.

त्यानंतरच्या काळात धोक्यांची यादी लांबत गेली. सीमेपलीकडून होणारा दहशतवाद, ईशान्येतील बंडखोरी आणि नक्षलवाद हे जुने प्रश्न होतेच. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी नक्षलवाद हे अंतर्गत सुरक्षेपुढील सर्वांत मोठे आव्हान असल्याचे सांगितले होते, आणि गडचिरोली जिल्ह्याने त्याची मोठी किंमत मोजली. त्यात सागरी मार्गाने होणारी घुसखोरी, संगणकीय हल्ले, समाजमाध्यमांवरील चिथावणी आणि ड्रोन यांची भर पडली. २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनद्वारे स्फोटके टाकण्यात आली, तेव्हा आकाशाकडेही लक्ष ठेवणे भाग आहे, हे स्पष्ट झाले.

कोल्हापूरसारखे शहर या साऱ्यापासून दूर आहे, ही समजूतही टिकणारी नाही. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी ज्येष्ठ नेते गोविंद पानसरे यांच्यावर त्यांच्या घराजवळच गोळ्या झाडण्यात आल्या आणि चार दिवसांनी त्यांचे निधन झाले. ७ जून २०२३ रोजी मोबाइलवरील आक्षेपार्ह मजकुरावरून शहरात दगडफेक झाली, लाठीमार झाला आणि इंटरनेट सेवा बंद ठेवावी लागली. मुंबई-बंगळूर महामार्ग आणि कर्नाटकची हद्द जवळ असल्याने या जिल्ह्यात येणे सोपे आहे आणि येथून निसटणेही सोपे आहे.

प्रार्थनास्थळे : सोपे लक्ष्य

हल्लेखोर प्रार्थनास्थळे निवडतात, त्यामागे हिशेब असतो. तेथे गर्दी हमखास असते, प्रवेश सर्वांना खुला असतो आणि हल्ल्याचे पडसाद समाजात दूरवर उमटतात. २००२ मध्ये जम्मूच्या रघुनाथ मंदिरावर दोनदा हल्ला झाला. त्याच वर्षी २४ सप्टेंबर रोजी गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरात तीसहून अधिक जणांचा बळी गेला. मार्च २००६ मध्ये वाराणसीचे संकटमोचन मंदिर, सप्टेंबर २००६ मध्ये शब-ए-बारातच्या दिवशी मालेगावची मशीद व कब्रस्तानाचा परिसर, मे २००७ मध्ये हैदराबादची मक्का मशीद आणि ऑक्टोबर २००७ मध्ये अजमेरचा दर्गा येथे स्फोट झाले. कोणत्याही एका धर्माचे श्रद्धास्थान सुरक्षित राहिले नाही. ९ जून २०२४ रोजी जम्मूतील रियासी येथे शिवखोडीहून परतणाऱ्या यात्रेकरूंच्या बसवर गोळीबार होऊन नऊ जण मृत्युमुखी पडले. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे मारल्या गेलेल्या २६ जणांत महाराष्ट्रातील सहा पर्यटक होते.

या घटनांमधील साम्य असे, की हल्ल्याच्या क्षणी तेथे विशेष प्रशिक्षित दल नव्हते. पहिली काही मिनिटे स्थानिक पोलीस, सुरक्षारक्षक, दुकानदार आणि खुद्द भाविक यांच्याच हाती होती. किती जीव वाचतात, हे बव्हंशी त्या मिनिटांवर ठरते.

मांढरदेवीचा धडा

जीवितहानी होण्यास दहशतवादीच लागतो असे नाही. २५ जानेवारी २००५ रोजी, शाकंभरी पौर्णिमेला, सातारा जिल्ह्यातील वाईजवळच्या मांढरदेवी येथे काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली आणि तीनशेच्या सुमारास भाविक मरण पावले. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, दोन्ही बाजूंची दुकाने आणि त्यानंतर भडकलेली आग व गॅस सिलिंडरचे स्फोट, असा तो घटनाक्रम होता. चौकशीसाठी न्या. राजन कोचर यांचा आयोग नेमण्यात आला. मांढरदेवी आणि जोतिबा यांचे भूगोल एकसारखे नाहीत. परंतु डोंगर, पायऱ्या, दुकाने, पौर्णिमा आणि लाखोंची गर्दी हे घटक दोन्हीकडे समान आहेत.

त्याआधी ऑगस्ट २००३ मध्ये नाशिकच्या कुंभमेळ्यात तीसहून अधिक भाविकांचा चेंगरून मृत्यू झाला होता. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ प्रवासी दगावले. २ जुलै २०२४ रोजी हाथरस येथे १२१ जणांचा अंत झाला. जानेवारी २०२५ मध्ये प्रयागराजच्या महाकुंभात मौनी अमावास्येच्या पहाटे पुन्हा तेच घडले. ठिकाणे बदलली, कारणे मात्र फारशी बदलली नाहीत.

गर्दीच्या शास्त्राचे म्हणणे सोपे आहे. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसे उभी राहिली, की व्यक्तीचा स्वतःच्या हालचालीवरील ताबा सुटतो. गर्दी पाण्याप्रमाणे लाटांनी सरकू लागते. अशा वेळी बहुतेक मृत्यू पायाखाली तुडविल्याने होत नाहीत, तर छातीवर दाब येऊन श्वास कोंडल्याने होतात. मागच्यांना पुढे काय चालले आहे ते कळत नाही आणि ते रेटत राहतात. म्हणून गर्दी एका ठिकाणी साचू न देणे हाच खरा उपाय. चेंगराचेंगरी सुरू झाल्यावर लाठी चालवून ती थांबत नाही, उलट वाढते.

अफवा हेही शस्त्र

दहशत आणि चेंगराचेंगरी हे दोन विषय वेगळे मानण्याची सरकारी प्रथा आहे. पहिला गृह खात्याचा, दुसरा आपत्ती व्यवस्थापनाचा. प्रत्यक्षात ते परस्परांत मिसळलेले असतात. ३१ ऑगस्ट २००५ रोजी बगदादमध्ये यात्रेकरूंनी भरलेल्या पुलावर आत्मघाती हल्लेखोर शिरल्याची अफवा पसरली. पुलावर एकही स्फोट झाला नाही, तरी नऊशेहून अधिक माणसे चेंगरून आणि नदीत पडून मेली. ३ ऑगस्ट २००८ रोजी हिमाचल प्रदेशातील नैनादेवी येथे दरड कोसळल्याच्या अफवेने दीडशेच्या आसपास भाविकांचे प्राण घेतले.

मोबाइल हातोहाती पोहोचल्यानंतर अफवेचा वेग कित्येक पटींनी वाढला आहे. यावर इंटरनेट बंद करणे हा प्रशासनाचा ठरीव उपाय असतो. परंतु त्यामुळे अफवेबरोबर तिचे खंडनही थांबते. भाविकांना मदत मागता येत नाही आणि हरवलेल्यांचा शोध लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन प्रकरणात अशा बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि ते प्रमाणबद्ध असले पाहिजेत, असे बजावले आहे. यात्रेच्या ठिकाणी एकाच अधिकृत आवाजात, मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत, सतत खरी माहिती देणारी ध्वनिक्षेपक यंत्रणा ही इंटरनेटबंदीपेक्षा अधिक उपयोगी ठरते.

प्रत्येक आघातानंतर नवी संस्था

भारताच्या सुरक्षा धोरणाचा इतिहास पाहिला, तर बहुतेक निर्णय एखाद्या आघातानंतर घेतलेले दिसतात. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा हल्लेखोर समुद्रमार्गे मुंबईत उतरले आणि १६६ निरपराधांचे प्राण गेले. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे कमांडो दिल्लीजवळच्या मानेसरहून मुंबईत पोहोचेपर्यंत रात्र सरली होती. त्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये राष्ट्रीय तपास संस्थेचा कायदा झाला, बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा कडक करण्यात आला आणि २००९ मध्ये मुंबई, चेन्नई, हैदराबाद व कोलकाता येथे कमांडोंची केंद्रे उभी राहिली. महाराष्ट्राने ‘फोर्स वन’ हे स्वतंत्र पथक निर्माण केले. माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांच्या समितीने मुंबई पोलिसांच्या प्रतिसादातील त्रुटी दाखवून दिल्या.

कायद्यांच्या बाबतीतही हाच क्रम आहे. ‘टाडा’ १९८५ मध्ये आला आणि १९९५ मध्ये संपला. ‘पोटा’ २००२ मध्ये आला आणि २००४ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्राचा ‘मोक्का’ १९९९ पासून लागू आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत दहशतवादी कृत्याची स्वतंत्र व्याख्या आहे. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केले. कडव्या डाव्या संघटनांना आळा घालण्यासाठी ते आवश्यक असल्याचे सरकारचे म्हणणे आहे. त्यातील तरतुदी संदिग्ध असून शांततापूर्ण विरोधावरही त्यांचा वापर होऊ शकतो, असा विरोधकांचा आणि नागरी हक्क कार्यकर्त्यांचा आक्षेप आहे.

या संस्था आणि कायदे निरुपयोगी आहेत, असे म्हणता येणार नाही. परंतु त्यांतील बहुतेकांची भूमिका घटना घडून गेल्यानंतर सुरू होते. मुंबईपासून कोल्हापूर रस्त्याने सुमारे पावणेचारशे किलोमीटर आहे. डोंगरावर काही अघटित घडले, तर कमांडो येण्यापूर्वीच बरेवाईट घडून गेलेले असेल. २६ नोव्हेंबरच्या त्याच रात्री हे सिद्ध झाले होते. गिरगाव चौपाटीवर अजमल कसाबला जिवंत पकडले ते कोणत्याही विशेष पथकाने नव्हे. सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे सुपुत्र, सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांच्या हाती त्या वेळी केवळ लाठी होती. त्यांच्या बलिदानामुळेच हल्ल्याच्या कटाचा जिवंत पुरावा देशाच्या हाती लागला. पोलीस ठाण्यातील माणूस ही सुरक्षेच्या साखळीतील शेवटची कडी असली, तरी संकटसमयी तीच पहिली ठरते.

अधिकार कोणाचा, जबाबदारी कोणाची?

राज्यघटनेच्या ३५५ व्या अनुच्छेदानुसार बाह्य आक्रमण आणि अंतर्गत अशांतता यांपासून राज्यांचे रक्षण करणे हे केंद्राचे कर्तव्य आहे. त्याच वेळी सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे राज्यसूचीतील पहिले दोन विषय आहेत. देशांतर्गत तीर्थयात्राही राज्यसूचीतच येतात, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. २०१२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्राचा प्रस्ताव मांडला, तेव्हा अनेक मुख्यमंत्र्यांनी राज्यांच्या अधिकारांवर अतिक्रमण होत असल्याचे सांगून त्यास विरोध केला आणि प्रस्ताव बारगळला.

परिणामी गुप्तवार्ता दिल्लीत गोळा होते, धोरण मुंबईत ठरते आणि बंदोबस्त स्थानिक पोलीस ठाण्याला करावा लागतो. जोतिबाच्या यात्रेत पोलीस, महसूल, सार्वजनिक बांधकाम, आरोग्य, वीज वितरण, एस.टी., देवस्थान समिती आणि ग्रामपंचायत अशा अनेक यंत्रणांचा संबंध येतो. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना जिल्हा प्राधिकरणाचे प्रमुख केले, ही जमेची बाजू आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ मध्ये गर्दीच्या व्यवस्थापनाविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. रचनात्मक दोष, आग व वीज, गर्दीचे नियंत्रण, गर्दीचे वर्तन, सुरक्षा आणि यंत्रणांमधील समन्वयाचा अभाव अशी दुर्घटनेची कारणे तीत मांडली आहेत. मार्गदर्शिका चांगली आहे. अडचण अंमलबजावणीची आहे.

पोलीस दलाच्या सुधारणांची कथाही अशीच. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी सात निर्देश दिले. तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची विभागणी हा त्यांपैकी एक. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून त्यांतील काही स्वीकारले. तथापि, ज्या शिपायाने सकाळी मोर्चाचा बंदोबस्त करायचा, दुपारी तपासाचे कागद लिहायचे आणि रात्री गस्त घालायची, त्याच्याकडून गोपनीय माहितीचे बारकावे टिपण्याची अपेक्षा कशी करावी, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला आहे.

तपासाची किंमत

तळाचे पोलीस काम कच्चे राहिले, तर त्याची किंमत न्यायालयात मोजावी लागते. अक्षरधाम हल्ल्यातील सहा आरोपींना सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये निर्दोष मुक्त केले. मालेगावच्या २००६ च्या स्फोटात प्रथम पकडलेल्यांना दहा वर्षांनंतर दोषमुक्त करण्यात आले. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी बाराही आरोपींची शिक्षा रद्द केली. राज्य सरकारने त्यास सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आणि तो निकाल पूर्वदाखला म्हणून वापरण्यास स्थगिती मिळाली. पाठोपाठ ३१ जुलै २०२५ रोजी मालेगावच्या २००८ च्या स्फोटातील सर्व सात आरोपी विशेष न्यायालयातून सुटले.

यातील प्रत्येक निकालाची कारणे वेगळी आहेत. तरीही मृतांच्या नातलगांना न्याय मिळाला नाही आणि काही आरोपींची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली, हे दोन्ही खरे आहे. खरे गुन्हेगार कोण, हा प्रश्न उघडा राहणे यापेक्षा मोठी सुरक्षाविषयक उणीव असू शकत नाही. घटनास्थळाचा काटेकोर पंचनामा, नमुन्यांची जपणूक आणि साक्षीदारांची विश्वासार्हता ही कामे पहिल्या काही तासांत स्थानिक पातळीवरच होतात. कायदा कितीही कडक केला, तरी कच्चा पंचनामा त्याने भरून निघत नाही.

डोंगरावर काय हवे?

दहशतवादी हल्ला रोखण्यासाठी जे उपाय करावे लागतात, त्यांतील बहुतेक चेंगराचेंगरी टाळण्यासाठीही लागतात. म्हणूनच त्यांवरील खर्च वाया जात नाही. पहिली गोष्ट म्हणजे येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी असणे, आणि रुग्णवाहिका व अग्निशमन बंबासाठी एक मार्ग कोणत्याही परिस्थितीत मोकळा राखणे. दुसरी, डोंगरमाथ्यावर गर्दी होण्यापूर्वीच पायथ्याशी वाहने आणि भाविक टप्प्याटप्प्याने थांबविणे. तिसरी, पायऱ्यांलगतची दुकाने मर्यादेत ठेवणे आणि तेथे गॅस सिलिंडर व सैल वीजतारा यांस मज्जाव करणे. चौथी, सासनकाठ्यांच्या मार्गावरील वीजवाहिन्यांची आधीच तपासणी करणे.

सीसीटीव्ही कॅमेरे आणि ड्रोन यांचा उपयोग निश्चित आहे. परंतु पडद्यावरील चित्र पाहून तत्काळ निर्णय घेण्याचा अधिकार असलेला अधिकारी नियंत्रण कक्षात बसलेला नसेल, तर कॅमेरा केवळ दुर्घटनेचे चित्रीकरण करतो. संशयास्पद पिशवी दिसली, तर ती कोणाला कळवायची, हे नारळवाल्यापासून पुजाऱ्यापर्यंत प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. बाहेरून येणारा बंदोबस्त यात्रेपुरता असतो. डोंगरावरील अनोळखी चेहरा ओळखू शकतो तो तेथील रहिवासीच.

यासाठी लागणारे मनुष्यबळ निर्माण करावे लागणार नाही, ते आहेच. गृहरक्षक दलाची स्थापना मुंबईत डिसेंबर १९४६ मध्ये दंगलींच्या काळात झाली. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटलाच्या पदाला कायद्याचा आधार दिला. सासनकाठीबरोबर येणारी गावोगावची मंडळे शिस्तीची असतात. त्यांचे मानकरी आपापल्या माणसांना ओळखतात. या सर्वांना यात्रेपूर्वी एक-दोन दिवसांचे प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष सराव दिला, तर मोठे पाठबळ उभे राहू शकते. ७ मे २०२५ रोजी देशात अनेक ठिकाणी नागरी संरक्षणाचे सराव घेण्यात आले. ते युद्धाच्या छायेत झाले. असे सराव शांततेच्या काळात, यात्रेच्या ठिकाणी नियमाने होण्याची गरज आहे. कर्नाटकातून येणाऱ्या भाविकांची संख्या लक्षात घेता बेळगाव पोलिसांशी आगाऊ समन्वयही तितकाच अगत्याचा.

मात्र सुरक्षेच्या नावाखाली भाविकांना संशयित समजले जाणार नाही, याची दक्षता घ्यावी लागेल. जोतिबाच्या गुलालात जात, प्रांत, भाषा यांचे भेद पुसले जातात. पेहराव किंवा नाव पाहून होणारी झडती ही एकोप्याला तडा देते आणि माहिती देणारा समाजच पोलिसांपासून दुरावतो.

अग्रक्रमाचा प्रश्न

६ मे २०२५ रोजी चौंडी येथे झालेल्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत राज्यातील तीर्थस्थळांच्या विकास आराखड्यांना मंजुरी देण्यात आली. त्यांत जोतिबा देवस्थान व परिसराचा २५९ कोटी ५९ लाख रुपयांचा आराखडा आहे. ही संधी दुर्मीळ आहे. अशा आराखड्यांत प्रवेशद्वारे, भक्तनिवास आणि सुशोभीकरण यांना सहज जागा मिळते, कारण ती डोळ्यांना दिसतात. आपत्कालीन मार्ग, पायऱ्यांची रुंदी, दरडींपासून रस्त्याचे संरक्षण, पाण्याचा साठा आणि नियंत्रण कक्ष यांचे उद्घाटन गाजत नाही. पण जीव त्यांनीच वाचतात. काम सुरू होण्यापूर्वी आराखड्याची सुरक्षेच्या दृष्टीने स्वतंत्र तपासणी करून तिचे निष्कर्ष जाहीर केले, तर पुढे चौकशी आयोग नेमण्याची वेळ येणार नाही.

जोतिबाच्या डोंगरासमोरच पन्हाळा उभा आहे. १६६० च्या वेढ्यात सिद्दी जौहरच्या मदतीला राजापूरच्या वखारीतील हेन्री रेव्हिंग्टन तोफा घेऊन आला होता. किल्ला बळकट होता. उणीव होती ती लगतच्या, तटबंदी नसलेल्या डोंगराची. तेथून पन्हाळ्यावर मारा करता येत असे. शिवछत्रपतींनी पुढे त्याच डोंगरावर पावनगड बांधून ती उणीव भरून काढली. मुख्य गड कितीही मजबूत असला, तरी शेजारची उघडी बाजू त्याला घातक ठरते, हे त्यांनी ओळखले होते.

आजच्या राष्ट्रीय सुरक्षेची उघडी बाजू गर्दीच्या अशा ठिकाणांवर आहे. केंद्रीय संस्थांना निधी मिळतो, कायदे मंजूर होतात, शस्त्रास्त्रांची खरेदी होते आणि ते आवश्यकही आहे. परंतु पोलीस ठाण्यातील रिक्त पदे, गृहरक्षकांचे प्रशिक्षण, ग्रामपंचायतीचा अग्निशमन बंब आणि डोंगरावरची दुसरी वाट हे विषय राष्ट्रीय सुरक्षेच्या चर्चेत येत नाहीत. ते जोवर अग्रक्रमाच्या यादीत येत नाहीत, तोवर दर चैत्र पौर्णिमेला लाखो माणसांची सुरक्षा यंत्रणेपेक्षा अधिक देवाच्या भरवशावरच राहील. भाविकाने देवावर भरवसा ठेवावा, हे त्याच्या श्रद्धेला शोभते. शासनाला तसे करता येणार नाही.